भरल्या वांग्याची वाइन

मंडळी, मागच्या हिवाळ्यात मी एक घोळ घातला. प्रोजेक्टसाठी फ्रान्समध्ये, ल्योंला येऊन तीनच महिने झाले होते. शेजारच्या डेस्कवरच्या कलीगने दोनदा घरी जेवायला नेलं होतं. आता माझी पाळी. जोशात तांबड्या रश्श्याचा बेत केला आणि इम्प्रेशन मारायला 22 युरोंची बोर्दो आणली, अगदी कोवळी. पहिला घास, पहिला घोट, आणि दोघांच्याही तोंडाला आग! वाइन कडू, रस्सा डबल तिखट. तो बिचारा 'इंटरेस्टिंग' म्हणाला आणि नुसता पाव खात बसला. परक्या गावात हक्काने जेवायला बोलवावा असा एकच माणूस, तोही गमावला की काय, या विचाराने रात्रभर झोप नाही.

चूक रश्श्याची नव्हती, वाइनचीही नव्हती. बोर्दोत टॅनिन भरपूर. टॅनिन म्हणजे आपला तुरटपणा हो, जांभळं खाऊन जीभ आखडते ना, तोच. कमी मसाल्याच्या, चरबीदार मटणाबरोबर तो मऊ होतो, मिरचीबरोबर बोचतो. वर अल्कोहोल आगीत तेल ओततं.

म्हणजे आपल्याला हवी कमी तुरट, कमी अल्कोहोलची रेड. ती घराशेजारीच निघाली! ल्योंकर गमतीने म्हणतात, आमच्या गावातून तीन नद्या वाहतात: रोन, सोन आणि बोजोले. बोजोलेचे मळे शहराच्या उत्तरेलाच आहेत. द्राक्ष गामे. 1395 मध्ये बर्गंडीच्या ड्यूकने याच गामेला हलकं म्हणून हाकललं होतं. आपल्याला हलकंच हवंय, बॉस! 'बोजोले-व्हिलाज' मला सात-आठ युरोंत मिळते.

फ्रेंच लेबलवर बहुतेकदा द्राक्षाचं नाव नसतं, जागेचं असतं. त्यामुळे थोडं पाठांतर आलंच: बोजोले म्हणजे गामे, शिनों म्हणजे काबेर्ने फ्रां, कोत द्यु रोन म्हणजे मुख्यतः ग्रेनाश. अल्कोहोलचा आकडा मात्र लेबलवर असतोच. तिखट बेत असेल तर मी 13 टक्क्यांच्या वर जात नाही. ग्रेनाश बऱ्याचदा 14 च्या पुढे, ती कमी तिखटाच्या सुक्या मटणाला. आणि माशाच्या कालवणाबरोबर रेड नकोच, तोंडात लोखंडी चव येते.

महिन्याभराने धीर करून त्याला पुन्हा बोलावलं. या वेळी भरली वांगी. बोजोले चाळीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवली. (रेड 'रूम टेंपरेचर'ला प्यावी हा नियम हीटर नसलेल्या जुन्या थंडगार घरांचा. आपल्या उबदार फ्लॅटचा नाही.) चिंच-गुळासमोर वाइनचा आंबटपणा टिकला, गोड्या मसाल्यातली दालचिनी-लवंग घोटाघोटाला वर आली, दाण्याच्या कुटाने उरलासुरला तुरटपणा गिळला. पठ्ठ्याने तिसरं वांगं मागून घेतलं आणि ताटली पावाने पुसली!

गोडा मसाला संपत आलाय, म्हणून आईला फोन केला. तिने विचारलं, "वांग्याबरोबर प्यायला काय केलं होतंस रे?"

"ताक," म्हटलं.