प्रतिपिंडे आपल्या पिकाची हवीत

कपाशीचे पान चुरगळून त्याच्या रसात कागदी पट्टी उभी केली की काही मिनिटांत रेघा उमटतात आणि बियाणे बीटी आहे की नाही ते कळते. देशात बीटी कपाशीला २००२ साली परवानगी मिळाली. त्यानंतर नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने असे तपासणी संच तयार केले. तणनाशकाला दाद न देणारे बेकायदा बियाणेही अशाच पट्टीवर पकडले जाते. गेवराई, माजलगाव, धारूरच्या कापूसपट्ट्यात बियाण्याची फसवणूक म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको, म्हणून या पट्टीचे मोल मोठे. तिचे काम चालते प्रतिपिंडांवर. आपल्या शरीरात जंतूंना ओळखून धरणारी ही प्रथिने प्राण्याच्या शरीरात मुद्दाम तयार करवून घेतात आणि पट्टीवर बसवतात.

बीटीचे प्रथिन पकडणे तुलनेने सोपे आहे. ते मूळचे मातीतल्या जिवाणूचे; कपाशीचे स्वतःचे त्याच्यासारखे काहीच नाही, त्यामुळे गफलतीला वाव कमी. अडचण सुरू होते ती झाडाच्या स्वतःच्या संदेशवाहक प्रथिनांपाशी, आणि कोरडवाहू शेतीचे खरे प्रश्न तिथेच अडकले आहेत.

आकस्मिक मर घ्या. पावसाचा लांब खंड पडतो, मग एकदम जोराचा पाऊस होतो किंवा भरपूर पाणी दिले जाते, आणि बोंडांनी लगडलेली हिरवी झाडे माना टाकतात. बुरशी नाही, जिवाणू नाही. ओळीतले एक झाड सुकते, शेजारचे ताठ उभे राहते. लक्षण दिसताच काही तासांत कोबाल्ट क्लोराईड फवारा, १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम, अशी शिफारस आहे. कारण कोबाल्ट झाडात इथिलीन हे संप्रेरक तयार होऊ देत नाही, आणि या मरीत इथिलीनचा हात असल्याचे मानले जाते. उपाय हाताशी आहे, पण झाडाच्या आत नेमके काय घडते, एकच झाड का जाते, हे पुरते उलगडलेले नाही.

ते उलगडायचे तर ‘ईआयएन-३’ सारखे प्रथिन मोजता आले पाहिजे. इथिलीनचा संदेश पेशीच्या केंद्रकापर्यंत पोचला की जनुकांना कामाला लावणारे हे प्रथिन. झाड ते सतत बनवते आणि सतत मोडूनही टाकते. इथिलीन आले की मोडणे थांबते आणि साठा वाढतो. अॅराबिडॉप्सिस या मोहरीच्या कुळातल्या रोपट्यावर हे २००३ साली दाखवले गेले. यातली मेख अशी की जनुकाचा आरएनए जवळपास तेवढाच राहतो. म्हणजे आज सर्रास होते तशी नुसती आरएनएची मोजणी केली तर काहीच घडले नाही असे दिसेल. प्रथिनच पाहावे लागते, आणि ते पाहण्याचा सर्वांत थेट मार्ग म्हणजे नेमके प्रतिपिंड.

नेमके हा शब्द इथे फार महत्त्वाचा. संदेशवाहक प्रथिने पेशीत अगदी थोडी असतात आणि त्यांची भावंडे पुष्कळ. अॅराबिडॉप्सिसमध्येच ईआयएन-३ च्या घराण्यात सहा प्रथिने आहेत. आपली अमेरिकन कपाशी दोन पूर्वजांचे जनुकसंच सोबत वागवते, त्यामुळे तिथे गर्दी आणखी वाढते. या साऱ्या भावंडांत फक्त एकातच असलेला पंधरा-वीस अमिनो आम्लांचा तुकडा शोधायचा, तो प्रयोगशाळेत बनवून मोठ्या वाहक प्रथिनाला जोडायचा, सशाला टोचायचा आणि रक्तद्रवातून त्या तुकड्याला चिकटणारी तेवढीच प्रतिपिंडे वेगळी काढायची.

त्यानंतर खरी परीक्षा. ज्या झाडात त्या प्रथिनाचे जनुकच नाही, तिथे या प्रतिपिंडाने काहीही दाखवता कामा नये. या परीक्षेत हयगय झाली तर किती भरकटायला होते याचे उदाहरण ताजे आहे. ‘एबीपी-१’ हे प्रथिन ऑक्सिन या संप्रेरकाचे ग्राहक आहे आणि त्याच्याविना झाड वाढूच शकत नाही, असे बरीच वर्षे मानले गेले. आधार म्हणून दाखवली जात होती ती पेशीतच प्रतिपिंडाचा तुकडा तयार करून त्या प्रथिनाला अडवणारी रोपे. २०१५ मध्ये क्रिस्पर या जनुक-संपादनाच्या तंत्राने ते जनुक मोडलेली रोपे धडधाकट वाढली. पुढच्या वर्षी दिसले की प्रतिपिंडवाल्या रोपांतले व्यंग एबीपी-१ मुळीच नसतानाही तसेच राहते. म्हणजे घाव दुसरीकडेच पडत होता.

बाजारात मिळणारी वनस्पती-प्रथिनांची बरीच प्रतिपिंडे याच अॅराबिडॉप्सिसवर बेतलेली असतात. ती कपाशीवर किंवा रब्बी ज्वारीवर जशीच्या तशी लावून निष्कर्ष काढणे मला धोक्याचे वाटते. आपल्या पिकांची प्रतिपिंडे आपणच बनवायला हवीत, आणि महाराष्ट्राला प्रतिरक्तद्रवाचे, म्हणजे प्रतिपिंडे असलेल्या रक्तद्रवाचे, काम नवे नाही. १८९९ साली सुरू झालेल्या हाफकिन संस्थेने घोड्यांच्या रक्तापासून सर्पदंशावरचे प्रतिविष कित्येक दशके तयार केले. दुष्काळाच्या १९७२ सालात परभणीचे कृषी विद्यापीठ उभे राहिले, त्याचे एक महाविद्यालय अंबाजोगाईला आहे. परके जनुक न घालता केलेल्या जनुक-संपादनाचे नियम केंद्राने २०२२ मध्ये सैल केले, तेव्हा जनुक मोडलेली तुलनेची झाडे मिळवणेही पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही, जरी कपाशीत हे काम वेळखाऊच आहे. कपाशी आणि रब्बी ज्वारीच्या पाण्याच्या ताणाशी निगडित मोजक्या प्रथिनांची प्रतिपिंडे सरकारी पैशातून तयार व्हावीत, प्रत्येकासोबत जनुक नसलेल्या झाडावरच्या परीक्षेचा निकाल खुला असावा आणि मागेल त्या प्रयोगशाळेला ती मिळावीत. पुढच्या खंडानंतर गेवराईच्या शिवारात मान टाकलेल्या आणि ताठ उभ्या राहिलेल्या झाडांची पाने शेजारी शेजारी ठेवून तपासता येतील, ती या तयारीवरच.