शेजाऱ्याने दिलेले गुण

साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाला दर आठवड्यास एकदा शुद्धलेखन घातले, तर सहामाही संपेपर्यंत शिक्षकाच्या मेजावरून हजाराहून अधिक पाने जातात. शेजारच्या नेपानगरचा कागद-कारखाना पंडित नेहरूंनी १९५६ मध्ये राष्ट्राला अर्पण केला, तेव्हापासून कागदाशी आमच्या मुलखाचे नाते जडले. पण लिहिलेला कागद तपासणारे डोळे कोणत्याही कारखान्यात तयार होत नाहीत. मग 'वह्यांची अदलाबदल करा' ही आज्ञा सुटते आणि शेजारी शेजाऱ्याचा परीक्षक होतो. अशा परीक्षकाने दिलेल्या गुणांवर कितपत विसंबावे?

ही तोड आजची नव्हे. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांकडून अक्षरे गिरवून घेत. मद्रासेच्या अनाथालयात १७८९ पासून काम करणाऱ्या अँड्र्यू बेल या पाद्र्याने मुलांकरवी मुलांना शिकविण्याचा प्रयोग केला, त्याचा वृत्तांत १७९७ मध्ये लंडनला प्रसिद्ध केला आणि 'मद्रास पद्धत' विलायतेतील शाळांत रूढ झाली. आता २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने प्रगतिपत्रकात सहाध्यायांच्या मूल्यमापनालाही स्थान दिले आहे. तेव्हा हा प्रश्न केवळ शिक्षकाच्या सोयीचा राहिलेला नाही.

गतवर्षी माझ्या वर्गात एका मुलीने 'कवी' हा शब्द दीर्घ लिहिला. १९६२ च्या लेखननियमांप्रमाणे मराठीत तो तसाच हवा. शेजारच्या मुलाने हिंदीच्या पुस्तकात ऱ्हस्व 'कवि' वाचलेला. त्याने निःशंकपणे फुली मारली. हिंदी, मराठी, निमाडी, खानदेशी आणि कोरकू ज्या भागात एकमेकींच्या अंगणात नांदतात, तेथे असे घडणारच. (माझी मातृभाषा कोंकणी, मराठी शब्दाच्या लिंगाविषयी मीही कधी कधी कोश उघडतो, हे येथे कबूल केलेले बरे.) वही योगायोगाने माझ्या हाती आली. 'तू बोलली का नाहीस?' असे विचारता ती म्हणाली, 'सर, तो रोज माझ्या शेजारीच बसतो ना.'

ते उत्तर मला झोंबले. सगळ्या वह्या घरी नेऊन पुन्हा तपासल्या. शुद्धलेखनाच्या गुणांत फारसे अंतर नव्हते. फळ्यावर उत्तर लिहिलेले असले की मुले चोख तपासतात, किंबहुना माझ्याहून कडक. निबंधांची गोष्ट मात्र निराळी. तेथे जिवलग मित्रांना भरघोस गुण मिळाले होते, दांडगटांना त्याहून अधिक, आणि ज्यांच्याशी कोणी फारसे बोलत नाही त्यांच्या पानांवर लाल रेघाच रेघा.

यावर कोणी म्हणेल, शिक्षक तरी कोठे निर्दोष असतात? आक्षेप रास्त आहे. अमेरिकेत स्टार्च आणि एलियट या दोघांनी १९१२ मध्ये इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा गुणांत तीसांहून अधिक अंतर पडले. तरीही शिक्षकाच्या चुकीविरुद्ध दाद मागता येते. बाकावरच्या शेजाऱ्याविरुद्ध दाद मागणे बारा वर्षांच्या मुलीला जड जाते. माझ्या मते खरा दोष येथे आहे.

म्हणून अदलाबदल मी सोडली नाही. दुसऱ्याची चूक शोधताना मुलाला स्वतःची दिसते, हा लाभ गमावण्याजोगा नाही. मात्र नावावर आता चिठ्ठी चिकटवितो, वही दूरच्या रांगेत धाडतो आणि एकेक निबंध दोघांना वाचावयास देतो. दोघांच्या मतांत फरक पडला की वही माझ्याकडे येते. खूण करावयाची ती पेन्सिलीने, आणि चूक का, हे शेजारी लिहावयाचे. त्या मुलीने मागच्या महिन्यात एका फुलीखाली 'कोश पाहावा' असे लिहून वही परत केली. परीक्षक चुकला होता.

गुणपत्रकात अजून माझेच आकडे जातात. त्यापायी रविवार खर्ची पडतो, हे खरे.