लोकल बोर्डाचा एक आणा

आमच्या घरी ‘बोर्ड’ हा शब्द फार उशिरापर्यंत टिकून होता. वडील नगर जिल्ह्यात प्राथमिक शिक्षक. नोकरीस लागले ते स्कूल बोर्डाच्या शाळेत, निवृत्त झाले ते जिल्हा परिषदेच्या शाळेतून. परंतु त्यांच्या लेखी पगार अखेरपर्यंत ‘बोर्डाकडून’च येई. त्या बोर्डांची आणि त्यांचे मूळ जे जिल्हा लोकल बोर्ड त्याची आठवण आज जिल्ह्यात कोणी काढीत नाही. काढावी असे त्यात होते तरी काय, असा प्रश्न आपले कार्यकर्ते विचारतील. एक गोष्ट निश्चित होती, आणि जिल्हा परिषदेच्या आजच्या दुरवस्थेशी तिचा थेट संबंध आहे.

लोकल बोर्डाचा जन्म लोकशाहीतून झाला नाही. तो पैशातून झाला. मुंबई सरकारने १८६९ च्या कायद्याने शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा उपकर घेण्याची तरतूद केली. त्या पैशातून रस्ते, विहिरी, धर्मशाळा, शाळा व्हावयाच्या. तो खर्चणाऱ्या समित्या मात्र सरकारी अधिकाऱ्यांच्या मुठीत होत्या. १८८२ साली लॉर्ड रिपनचा ठराव आला आणि १८८४ च्या कायद्याने तालुका व जिल्हा लोकल बोर्डे स्थापन होऊन काही सदस्य निवडून येऊ लागले. अध्यक्ष कलेक्टरच. मतदार म्हणजे सारा भरणारे वा तत्सम ऐपतीचे थोडे लोक. भूमिहीन मजूर, अस्पृश्य मानली गेलेली वस्ती, घरोघरीच्या स्त्रिया यांना त्या मतपेटीजवळ जागा नव्हती. तेव्हा गतकाळाचे गोडवे गाण्याचा माझा मुळीच हेतू नाही. १९२३ च्या कायद्याने लोकनियुक्त सदस्यांचे प्रमाण वाढविले. १९३८ साली तालुका बोर्डे रद्द झाली आणि अकोल्याच्या डोंगरातल्या माणसाला आपले गाऱ्हाणे थेट नगरास न्यावे लागले.

इतके सारे दोष मान्य करूनही एक आणा उरतोच. ज्या शेतकऱ्याने तो दिला त्याला ठाऊक होते की आपल्या साऱ्यावर चढविलेला हा पैसा जिल्ह्यातच खर्च व्हावयाचा आहे. विहीर झाली नाही, कोंडवाड्याची भिंत पडली, शाळेवर कौले नाहीत, तर विचारावयाचे कोणाला हे त्याला कळत होते. सरकारी अनुदानावाचून बोर्डाचे भागत नसे, हे खरे; तरीही कर देणारा आणि खर्च करणारा यांच्यात अंतर थोडे होते. अर्थशास्त्र शिकविताना मी हे विद्यार्थ्यांना सांगत असे, आणि ते कंटाळत असत.

१ मे १९६२ रोजी बोर्ड संपले. वसंतराव नाईक समितीने १९६१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार पश्चिम महाराष्ट्रातील लोकल बोर्डे, विदर्भातील जनपद सभा आणि मराठवाड्यातील जिल्हा बोर्डे यांच्या जागी एकच जिल्हा परिषद आली. हे पाऊल पुरोगामी होते, यात शंका नाही. पंचायत समितीच्या रूपाने तालुका परत आला, आणि मुख्य म्हणजे कलेक्टरला परिषदेबाहेर ठेवण्यात आले. शाळा, दवाखाने, पाटबंधाऱ्यांची लहान कामे असा केवढा तरी व्याप तिच्याकडे सोपविला गेला. पण तिजोरी? उपकर कायद्यात राहिला; मात्र ज्यावर तो आकारावयाचा तो शेतसारा महागाईच्या ओघात नाममात्र झाला. परिषद मुंबईच्या अनुदानावर जगू लागली. लोणीच्या सहकारी साखर कारखान्यापासून, म्हणजे १९५० पासून, या जिल्ह्यात जे नवे नेतृत्व उभे राहिले त्यालाही हे गैरसोयीचे वाटले नाही. कर बसवून लोकांचा रोष घेण्यापेक्षा मंत्रालयातून निधी आणून त्याचे श्रेय घेणे सोपे असते.

याचे फळ २०२२ च्या मार्चमध्ये दिसले. परिषदेची मुदत संपली आणि मुख्य कार्यकारी अधिकारीच प्रशासक झाले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद, गट-रचनेचा वाद, तारखांवर तारखा. पाच वर्षांची मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झाली पाहिजे असे घटनेचा अनुच्छेद २४३-ई सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने ६ मे २०२५ रोजी चार महिन्यांत निवडणुका घेण्यास सांगितले. पुढे तीही मुदत वाढली. २०२५ साल सरले तरी क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या या जिल्ह्याची परिषद लोकनियुक्त नव्हती. १८८४ साली अध्यक्ष कलेक्टर असला तरी त्याच्यासमोर दोन-चार निवडून आलेली माणसे तरी बसत असत. येथे सभागृहच रिकामे. जिल्हा नियोजन समितीचे चार पंचमांश सदस्य स्थानिक संस्थांतून निवडून यावयाचे. त्या संस्थाच नसतील तर पालकमंत्र्यांना अडविणार कोण?

निवडून आलेली संस्था हटवून नेमलेला माणूस बसविणे हे आपल्याकडेच घडते असे नाही. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात १९९४ च्या सुमारास केनेट यांच्या उजव्या सरकारने २१० स्थानिक परिषदा मोडून त्यांच्या ७८ केल्या. ग्रामीण भागातील कित्येक जुने ‘शायर’ नकाशावरून पुसले गेले आणि निवडून आलेल्यांच्या जागी आयुक्त नेमले गेले. परंतु १९९७ पर्यंत तेथे पुन्हा निवडणुका झाल्या. आपल्याकडे एकही परिषद मोडावी लागली नाही. नुसते थांबून राहणे पुरेसे झाले.

आणि या काळात जिल्ह्यात किती मोर्चे निघाले? दुधाच्या भावासाठी निघाले, पाण्यासाठी निघाले, ते योग्यच होते. परिषदेच्या रिकाम्या सभागृहासाठी निघालेला मोर्चा मला तरी दिसला नाही. याचा दोष केवळ सत्ताधाऱ्यांवर टाकून आपणास मोकळे होता येणार नाही. गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र असे चौखंबा राज्य डॉ. लोहियांनी मांडले, तेव्हा कलेक्टरचे पद रद्द करावे आणि योजनेच्या खर्चाचा चौथा हिस्सा खालच्या खांबांच्या हाती द्यावा, असे त्यांचे म्हणणे होते. पहिली मागणी आपण भाषणात करतो, दुसरीचा उच्चारही सोडून दिला आहे. निवडणुकीची मागणी करताना तिजोरीची मागणी केली नाही, तर निवडून आलेले सदस्य पुन्हा पालकमंत्र्यांच्या दारात निधीची यादी घेऊन उभे राहतील. शिबिरांतून जिल्हा परिषदेचे अंदाजपत्रक एकदा तरी वाचले जावे. स्वतःचे उत्पन्न किती आणि अनुदान किती, हे दोन आकडे फळ्यावर लिहून चर्चेला सुरुवात करता येईल.