पांढऱ्यावर पांढरं

दसरा जवळ आला की नागपुरातल्या फोटोग्राफरांची कार्डं, बॅटऱ्या, लेन्स यांची जुळवाजुळव सुरू होते. दीक्षाभूमीवर लाखो माणसं येतात, बरीचशी पांढऱ्या कपड्यांत; मागे पांढरा घुमट, वर ऑक्टोबरचं ऊन. इतका अवघड प्रकाश वर्षभरात क्वचितच मिळतो. आणि नेमके तिथेच आपल्यातले पुष्कळ जण नुसत्या जेपेगवर भागवतात.

१४ बिटांच्या रॉ फाईलमध्ये प्रत्येक रंगाच्या १६,३८४ पायऱ्या मावतात, जेपेगमध्ये २५६. शिवाय व्हाइट बॅलन्स, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस हे सगळं कॅमेऱ्याने परस्पर ठरवून टाकलेलं असतं. पांढऱ्या साडीच्या निऱ्या एकदा २५५ वर जाऊन बसल्या, की फोटोशॉपमध्ये स्लायडर कितीही ओढा, हाती येतो तो सपाट करडा डाग. रॉमध्ये त्या निऱ्या बहुधा सापडतात. सेन्सरच भरून गेला असेल तर मात्र रॉचाही नाइलाज असतो. आणखी एक: कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम सहसा जेपेगवरून काढलेला असतो. तो ‘जळलं’ म्हणाला तरी रॉमध्ये थोडं शिल्लक असू शकतं.

जेपेगला नावं ठेवायचं कारण नाही. १९९२ पासूनचं हे मानक. फाईल कुठेही उघडते, आणि वृत्तपत्राला फोटो दहा मिनिटांत हवा असतो. रॉयटर्सने तर २०१५ मध्ये फ्रीलान्सरांना बजावलं, की रॉवरून तयार केलेले फोटो नकोत, कॅमेऱ्यातून निघालेली जेपेगच पाठवा. कारणं दोन: वेग आणि खरेपणा. पहिलं पटतं, दुसरं नाही. ताडोबाचे फोटो मोठ्या स्पर्धांना पाठवणाऱ्यांना विचारा. परीक्षक खात्री करायला मूळ रॉच मागतात.

जेपेग बिघडते ती आपल्याच हातून. आज क्रॉप करून सेव्ह, उद्या रंग वाढवून पुन्हा सेव्ह. दर वेळी ८ × ८ पिक्सेलचे चौकोन नव्याने दाबले जातात. वर व्हॉट्सअॅपवर आलेला फोटो अल्बमसाठी लॅबला! अशा फोटोची पीएनजी करूनही गेलेले बारकावे परत येत नाहीत. रिटचिंग टिफमध्येच करावं. २४ मेगापिक्सेलची १६ बिट टिफ १४४ एमबीच्या आसपास जाते, हे खरं. पण हार्ड डिस्क पुन्हा विकत मिळते.

तेव्हा यंदा कॅमेरा ‘रॉ अधिक जेपेग’वर ठेवा. जेपेग लगेच पाठवा, रॉ दोन डिस्कवर जपा. आणि दीक्षाभूमीवरच्या १९५६ पासूनच्या सोहळ्यांच्या निगेटिव्ह कुणाच्या स्टुडिओत पडून असतील, तर त्या १६ बिट टिफमध्येच स्कॅन करा. जेपेग त्यातून नंतर केव्हाही काढता येते.