दाटी वस्तीची की वाहनांची?

बारामतीच्या भिगवण रस्त्यावर शाळा-महाविद्यालये भरण्याची आणि औद्योगिक वसाहतीत पाळी बदलण्याची वेळ एकत्र आली की कोंडी होते. 'इमारती फार झाल्या' असा निष्कर्ष काढून नागरिक मोकळे होतात. हा निष्कर्ष अर्धाच खरा आहे.

एका एकरात दहा कुटुंबे होती, तेथे वीस आली, तर प्रत्येकाचा वाहनप्रवास निम्म्याने घटला तरच रस्त्यावरील भार पूर्वीइतका राहील. प्रवास घटतो, पण निम्म्याने क्वचितच. म्हणून इमारतीसमोरच्या गल्लीत गर्दी वाढते, हे मान्य केलेच पाहिजे. परंतु तीच दहा कुटुंबे शहराबाहेर प्लॉट पाडून विखुरली, तर दुधाच्या पिशवीसाठीही दुचाकी काढावी लागते आणि ती सारी वाहने अखेर त्याच चौकात येतात. गल्ली सुटते, शहर अडकते.

कऱ्हाकाठच्या जुन्या बारामतीत पेठ, मंदिर, शाळा पायी अंतरावर होती. २०११च्या जनगणनेत बारामतीची लोकसंख्या सुमारे ५४ हजार, तर इंदापूरची सुमारे २५ हजार होती. पुढे बारामतीची वस्ती जळोची, तांदूळवाडी, रुईकडे पसरली. नोकरी, शिक्षण व घर यांच्यात अंतर पडले. एम.एच. ४२ ही पाटी घरोघरी दिसू लागली, यात नवल ते काय!

राज्याच्या २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीने रुंद रस्त्यालगत अधिक बांधकामास वाव दिला. त्याच नियमावलीनुसार सदनिकेच्या क्षेत्रफळावरून मोटारी-दुचाकींची जागाही राखावी लागते. मजले वाढतात, सोबत तळमजल्याची वाहनशाळाही वाढते. पदपथ आणि शहर बसगाडी यांची सक्ती मात्र बांधकामपरवान्यात कोठेच नसते. केंद्राच्या २००६च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणाने 'वाहने नव्हे, माणसे' हा निकष सांगितला होता. नगरपरिषदांच्या दारापर्यंत तो फारसा पोहोचलेला दिसत नाही.

आषाढात तुकोबांची पालखी बारामती-इंदापुरातून जाते, तेव्हा याच रस्त्यांवर अफाट जनसमुदाय मावतो, कारण तो पायी असतो! पाटसपासून बारामती-इंदापूरमार्गे जाणाऱ्या चौपदरी पालखी मार्गाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली. वारकऱ्यांसाठी स्वतंत्र पायवाट त्याच्या आराखड्यातच आहे. वारीसाठी जे सुचले, ते रोज शाळेत जाणाऱ्या मुलांसाठी का सुचू नये?

या मार्गालगत आता गुंठ्यागुंठ्याचे तुकडे पाडण्याचा मोह होणार. इंदापूर अद्याप लहान आहे. बसथांब्यापासून पायी अंतरात दाट वस्तीस परवानगी, तेथे वाहनतळाच्या सक्तीत सवलत आणि रस्त्याच्या दोन्ही कडांना पदपथ, एवढे तरी इंदापूर नगरपरिषदेने विकास आराखड्यात आताच लिहून घ्यावे. बारामतीला हीच जागा उभ्या दुकानांकडून व लावलेल्या गाड्यांकडून सोडवून घ्यावी लागेल. इंदापुरात बरीच जागा अजून नकाशावर राखता येते.