युद्धात संग्रहालये कोण वाचवते?

अमेरिकी रणगाडे बगदादमध्ये शिरल्यानंतर १० एप्रिल २००३ पासून तीन दिवस इराकच्या राष्ट्रीय संग्रहालयाची लूट चालली होती. सुमारे १५ हजार वस्तू नाहीशा झाल्या. त्याच शहरातील तेल मंत्रालयाला मात्र अमेरिकी सैन्याचा पहारा होता. पाच हजार वर्षांपूर्वीचा वार्काचा दगडी कलश चोरांनी चौथऱ्यावरून उखडून नेला. माफीची घोषणा झाल्यावर जूनमध्ये तो परत आला, पण तुकड्यांच्या रूपात. युद्धकाळात अशा ठेव्याचे रक्षण कोणी करावयाचे, हा प्रश्न त्या तीन दिवसांनी जगापुढे उभा केला.

कायद्याने त्याचे उत्तर पूर्वीच दिले आहे. दुसऱ्या महायुद्धातील विध्वंसानंतर १९५४ मध्ये युनेस्कोच्या पुढाकाराने हेग करार झाला. सांस्कृतिक ठेव्याची लूट रोखण्याचे बंधन त्याने राष्ट्रांवर घातले आणि रक्षणाची तयारी शांततेच्या काळातच करण्यास बजावले. भारताने १९५८ मध्ये या करारास अनुमोदन दिले. मात्र इराकवर चालून गेलेल्या अमेरिकेने ते २००९ मध्ये, तर ब्रिटनने २०१७ मध्ये दिले. म्हणजे २००३ साली या दोन्ही देशांवर कराराचे बंधनच नव्हते.

पण बंधन असते तर चित्र पालटले असते काय? युक्रेनमधील खेरसनचा अनुभव तसे सांगत नाही. रशिया सोव्हिएत काळापासून या कराराचा सदस्य आहे. तरीही २०२२ मध्ये खेरसनमधून माघार घेण्यापूर्वी रशियाच्या ताब्यातील प्रशासनाने तेथील कला संग्रहालयातून दहा हजारांहून अधिक कलाकृती ट्रकमध्ये भरून क्रिमियातील सिम्फेरोपोलला हलविल्या. ‘सुरक्षिततेसाठी स्थलांतर’ असे त्याला नाव देण्यात आले. व्याप्त प्रदेशातून ठेवा बाहेर नेण्यास कराराच्या जोडीचा मसुदा मनाई करतो, हे सोयीस्करपणे विसरले गेले.

मग जे वाचले, ते कशामुळे वाचले? बगदादमध्ये युद्धापूर्वीच कर्मचाऱ्यांनी प्रदर्शनातील आठ हजारांहून अधिक वस्तू एका गुप्त जागी हलविल्या होत्या आणि ती जागा कोणालाही न सांगण्याची शपथ घेतली होती. त्या वस्तूंना धक्काही लागला नाही. काबूलमध्ये बॅक्ट्रियन सुवर्णाचे वीस हजारांहून अधिक नग १९८९ च्या सुमारास अध्यक्षीय प्रासादातील तिजोरीत गेले. यादवी आणि तालिबान राजवट या दोन्ही काळांत मोजक्या माणसांनी त्याविषयी मौन पाळले. २००३ मध्ये तो ठेवा सुरक्षित असल्याचे उघड झाले.

अर्थात, गुपित नेहमीच टिकत नाही. इमारतीचे नूतनीकरण सुरू असल्याने संग्रह बाहेर हलविला आहे, असे खेरसनच्या संग्रहालयप्रमुखांनी व्यापक सैन्याला सांगितले होते. पण ते फुटले. अशा वेळी हाती उरते ती नोंद. सिम्फेरोपोलमधील चित्रफिती व छायाचित्रे पाहून खेरसनचे कर्मचारी आपली एकेक कलाकृती ओळखून यादीत टिपत आहेत. काबूलच्या संग्रहालयातून चोरीस गेलेली, भारतीय शैलीतील बेग्रामची हस्तिदंती शिल्पे २०१२ मध्ये परतली. उत्खननकर्त्यांनी ती तपशीलवार प्रसिद्ध केली होती, म्हणूनच ती ओळखता आली. जिची नोंद नाही, ती वस्तू आपली होती, हे सिद्ध कसे करणार?

माणसे मरत असताना मूर्तींची चिंता कशाला, असा आक्षेप घेतला जातो. पण युद्ध सुरू झाल्यावर निवड करण्याची वेळच येऊ नये, यासाठी तर पूर्वतयारी हवी. तिला सैन्य लागत नाही. नोंदवही, छायाचित्रे आणि जबाबदार माणसे लागतात. आपल्याकडे २०१३ मध्ये महालेखापरीक्षकांच्या अहवालाने प्रमुख राष्ट्रीय संग्रहालयांतील नोंदी व पडताळणीच्या त्रुटींवर बोट ठेवले होते. तो इशारा केवळ हिशेबाचा मानणे परवडणारे नाही. करार लुटारूला दोषी ठरवू शकेल. लुटले काय, हे मात्र आपल्यालाच सांगता आले पाहिजे.