आधी घडी, मग गोंद

गेल्या काही वर्षांत हाताने केलेली निमंत्रणं जड होत चालली आहेत, आणि हे वजन कागदाचं नाही. रेझिनची फुलं, फोमच्या टिकल्या, सॅटिनची रिबन, चमकी, तयार स्टिकर. वाढदिवसाचं असो, बारशाचं असो की मुंजीचं, निमंत्रण हातात घेतलं की आधी दिसतं ते चिकटवलेलं सामान. कागद शोधावा लागतो. हस्तकला शिकवणाऱ्या आणि ऑर्डरी घेऊन कार्डं करणाऱ्या वाचकांपुढे या अंकात एक आग्रह धरायचा आहे: सजावटीचं सामान आणायच्या आधी घडी शिकावी आणि शिकवावी. चांगल्या घडीच्या कार्डाला वर फारसं काही चिकटवावं लागत नाही.

आपल्याकडे या आग्रहाला जुना आधार आहे. टी. सुंदर राव यांनी १८९३ साली मद्रासला कागदाच्या घड्यांतून भूमिती शिकवणारं पुस्तक प्रसिद्ध केलं. फ्रोबेलच्या बालवाडीतल्या घडीकामावरून त्यांना ते सुचलं होतं. चौरस कागद दुमडत दुमडत ते समभुज त्रिकोणापर्यंत, पंचकोनापर्यंत जातात. जर्मन गणिती फेलिक्स क्लाइन यांनी या पुस्तकाची दखल घेतली आणि ते परदेशातही वाचलं गेलं. पुण्यात अनिल अवचट ओरिगामीत रमले, तर अरविंद गुप्तांनी आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंपासून आणि जुन्या कागदापासून खेळणी करून दाखवली. या सगळ्यांच्या साहित्यात साधा कागद आहेच.

घडीची सुरुवात कागद ओळखण्यापासून होते. यंत्रावर कागद तयार होताना लगद्यातले तंतू बहुतांशी एका दिशेला लागतात. प्रेसमधली माणसं याला ग्रेन म्हणतात. त्या दिशेला समांतर दुमडलं तर घडी सरळ आणि स्वच्छ येते. आडवं दुमडलं तर २५० किंवा ३०० जीएसएमचं कार्डशीट घडीवर तडकतं, रंगीत थर उलतो आणि आतला पांढरा तंतू दिसतो. मग ती जागा झाकायला रिबन येते. निम्मी सजावट अशाच चुका लपवायला आलेली असते, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

ग्रेन ओळखायला उपकरण लागत नाही. कागद न मोडता आधी उभा वाकवून पाहावा, मग आडवा. ज्या बाजूने तो सहज वळतो, त्या वळणाच्या रेषेला तंतू समांतर असतात. ए-४ कागदाचे तंतू बहुधा लांबीच्या दिशेने असतात. तो मधोमध कापून दोन ए-५ केले आणि प्रत्येकाची निम्म्यात घडी घातली, तर घडी आपोआप तंतूंना समांतर पडते. मोठं शीट कापून घेताना मात्र तपासावंच लागतं. हातकागदाचं वेगळं. साचा हाताने हलवताना तंतू सगळीकडे पसरतात, म्हणून त्याला अशी ठळक दिशा नसते. पुण्यात शिवाजीनगरला १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेने सुती चिंध्यांपासून कागद करण्याची विद्या टिकवून धरली आहे. महाराष्ट्रातल्या कार्डकारांनी तो कागद निदान एकदा तरी दुमडून पाहावा.

जाड कागदाला दुमडण्यापूर्वी खाच लागते. संपलेल्या रिफिलने पट्टीच्या कडेने रेघ ओढली तरी काम भागतं. खाच घडीच्या बाहेरच्या बाजूला राहिली पाहिजे आणि मागे उठलेला उंचवटा आत गेला पाहिजे. पुष्कळ जण नेमकं उलटं करतात, कारण खाचेत कागद सहज मिटेल असं वाटतं.

आता उघडताच उभा राहणारा केक. ए-५ कार्ड निम्म्यात मिटायचं. घडीच्या कडेवरून आत, एकमेकांपासून ६ सेंटिमीटर अंतरावर, ३ सेंटिमीटर लांबीचे दोन समांतर काप घ्यायचे. कापांची टोकं जोडणाऱ्या रेषेवर खाच पाडायची, कार्ड उघडायचं आणि मधली पट्टी बोटाने पुढे ढकलायची. केकचा पहिला मजला उभा राहतो. या ठोकळ्याचा माथा जिथे मागच्या पानाला टेकतो, त्या आतल्या घडीवर दीड सेंटिमीटरचे काप घेतले की वर लहान मजला येतो. कापाची लांबी पानाच्या रुंदीच्या निम्म्याहून कमी हवी. जास्त झाली तर कार्ड मिटल्यावर केकचं टोक बाहेर डोकावतं. मिटलेल्या ए-५ ची रुंदी १०५ मिलिमीटर, म्हणजे ५ सेंटिमीटरवर थांबावं. गोंद लागतो तो शेवटी, मागे दुसरं कव्हर डकवताना. सात-आठ वर्षांच्या मुलाला हे दाखवलं की ते ताबडतोब तिसरा मजला मागतं, आणि त्याची मापं स्वतःच काढू लागतं. कार्यशाळेत याहून जास्त काय हवं?

टपालाने जाणाऱ्या निमंत्रणासाठी वजनाचा हिशेब आधी करावा. ३०० जीएसएमचा पूर्ण ए-४ सुमारे १९ ग्रॅम भरतो, ए-५ साडेनऊच्या आत. पत्राच्या वजनाचा पहिला टप्पा २० ग्रॅमचा असल्याने ए-५ चं घडीचं कार्ड साध्या पाकिटासह त्यात आरामात बसतं. कव्हर जोडायचं तर ते पातळ कागदाचं घ्यावं. फोम आणि रेझिन आलं की टप्पा ओलांडला जातो, शिवाय शिक्का मारताना फुलं चेपतात ती वेगळीच. चमकी तर बहुतेक प्लास्टिकच्या पापुद्र्याची असते. ती लावलेला कागद रद्दीतून पुन्हा लगदा व्हायच्या कामाचा राहत नाही. मुलांच्या कार्यशाळेतून ती काढूनच टाकावी, असं या मासिकाचं ठाम मत आहे.

गोंदाबद्दल थोडं. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात कागद आधीच ओल पितो; त्यावर फेविकॉलचा जाड थर दिला की कार्ड वाकतं. तिथे ग्लू स्टिक किंवा डबल टेप बरी. बायंडर मंडळी खळीत मोरचूद घालतात, पण ते विषारी असतं आणि मुलांच्या आसपास अजिबात नको.

अक्षरांकडे तर फारच कमी लक्ष जातं. देवनागरी शिरोरेषेला लटकते, म्हणून पेन्सिलची आधाररेघ अक्षराखाली नको, वर हवी, आणि तिच्या वर वेलांट्या-मात्रांना जागा सोडलेली हवी. वार, तारीख, वेळ, पत्ता एवढं ठळक असलं की बाकी मजकूर ज्याच्या घरचं कार्य त्याच्यावर सोडावा. लग्नपत्रिकेत धाकट्यांच्या नावाने ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ अशी एक ओळ अजून छापली जाते. वाढदिवसाच्या कार्डात तशी एक ओळ रिकामी ठेवून ती मुलाला स्वतः लिहू द्यावी. ‘ढ’ उलटा निघाला तरी खोडू नये.

पैशाचा प्रश्नही याच्याशी जोडलेला आहे. तयार सामान लावलेल्या कार्डाची किंमत ग्राहक बाजारातल्या सामानाशी ताडून पाहतो आणि घासाघीस करतो. घडीचं काम त्याला दुकानात मिळत नाही, म्हणून तिथे कारागिराला आपल्या वेळेचे पैसे मागता येतात. ते संकोच न करता मागावेत.

या अंकापासून ‘वाचकांचे नमुने’ या पानावर प्रत्येक कार्डाखाली कागदाचं जीएसएम, ग्रेनची दिशा, पाकिटासह वजन आणि गोंद किती ठिकाणी लावला हे छापलं जाईल. नमुना पाठवताना तयार कार्डासोबत त्याचंच न चिकटवलेलं, उघडून सपाट केलेलं दुसरं पान जोडावं. काप आणि खाचा त्या पानावरच नीट दिसतात, आणि इतर वाचकांना त्यावरून थेट मापं घेता येतील.